जन्मतः एकच मूत्रपिंड असलेल्या बाळाची एमसीयू तपासणी करावी का?

आपल्या बाळाचे एकमेव मूत्रपिंड सोनोग्राफीत चांगले वाढलेले दिसत असूनही डॉक्टर नळी घालून एमसीयू (मूत्राशयात नळीने एक्स-रेत दिसणारे द्रव्य भरून, लघवी होताना एक्स-रे काढण्याची तपासणी) करायला सांगतात, ती करावी का, असे आपण विचारले आहे. तापासह लघवीचा संसर्ग एकदा जरी झाला असेल, तर माझ्या मते करावी.

माझ्या मुलीला डावे मूत्रपिंड नाही. उजवे भरपाईदाखल मोठे झाले आणि घरच्यांनी त्यावरच निर्धास्त राहायचे ठरवले. सर्दी-खोकला काहीही नसताना तिला सडकून ताप आला, तेव्हा सासूबाईंनी तो दातांचा ठरवला आणि नेहमीच्या डॉक्टरांनी लघवी न तपासताच अँटिबायोटिक लिहून दिले. मी ते सुरू न करता लगेच तिला बालरुग्णालयात नेले. पिशवी चिकटवून घेतलेल्या लघवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात, म्हणून तिथे नळीने नमुना घेतला आणि लगोलग औषध सुरू केले. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ई. कोलाय हा आतड्यातला जंतू निघाला. पुढे एमसीयूत पाचपैकी चौथ्या श्रेणीचा रिफ्लक्स दिसला, म्हणजे मूत्राशयातील लघवी मूत्रवाहिनीतून उलटी थेट मूत्रपिंडात चढत होती. औषध आधी पोटात गेले असते, तर कल्चरमध्ये बहुधा काहीच उगवले नसते आणि सगळ्यांनी दातांनाच दोष दिला असता.

एवढ्याशा जिवाला उगाच नळ्या घातल्या, असे माझ्या जाऊबाई आजही म्हणतात. दोन मूत्रपिंडे असलेल्या मुलाच्या एका मूत्रपिंडावर व्रण राहिला, तर दुसरे भार उचलते. इथे दुसरे नाहीच, हे त्यांनी कधी लक्षात घेतले नाही.

संसर्ग टाळण्यासाठी रोज देतात त्या प्रतिबंधक अँटिबायोटिकवरही विसंबू नये. रिफ्लक्स असलेल्या ६०७ मुलांवरील अमेरिकेतील चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्या औषधाने पुन्हा होणारे संसर्ग साधारण निम्म्यावर आले, पण मूत्रपिंडावरील व्रणांच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणून औषध चालू असतानाही कारण न कळणाऱ्या प्रत्येक तापात लघवी तपासावीच, मग घरातले कोणी काहीही म्हणो.

मात्र संसर्ग कधीच झाला नसेल आणि सोनोग्राफीत मूत्रवाहिनी फुगलेली नसेल, तर अनेक तज्ज्ञ एमसीयू करत नाहीत, आणि ते मला पटते. सौम्य श्रेणीचा रिफ्लक्स बहुधा वयाबरोबर आपोआप जातो. तसेच बाळ मलूल असेल, तर नमुना घेतल्यावर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करावे लागते. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, आणि रक्तदाब व लघवीतील प्रथिने नियमित तपासून घ्या. तक्रार काहीच नसली तरीही.