युरोपियन संसदेत हरित पक्ष आणि प्रादेशिक पक्ष एकाच गटात का बसतात?

मुख्य कारण संख्याबळाचं आहे: संसदेच्या नियमांनुसार स्वतंत्र गट करायला किमान एक चतुर्थांश सदस्य-देशांतून, म्हणजे आज 7 देशांतून, निवडून आलेले 23 खासदार लागतात. स्पेनमधल्या कॅटलोनिया, गॅलिसिया किंवा फ्रान्सच्या कॉर्सिकाच्या पक्षांचे फार तर एक-दोनच खासदार येतात, त्यामुळे एकट्याने ते हा आकडा गाठू शकत नाहीत. आणि गट नसेल तर भाषणाची वेळ, निधी, कर्मचारी, समित्यांमधली महत्त्वाची कामं, सगळंच फार कमी मिळतं. हरित पक्षांनाही त्यांच्यामुळे जागा वाढवून मिळतात. पण याला निव्वळ सोय म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. निर्णय स्थानिक पातळीवर व्हावेत, लहान भाषा टिकाव्यात, हा आग्रह दोघांचाही आहे. 1984 ते 1989 मध्ये ते 'रेनबो' गटात एकत्र होते, मग वेगळे झाले, आणि 1999 पासून 'ग्रीन्स–युरोपियन फ्री अलायन्स' (युरोपियन फ्री अलायन्स म्हणजे प्रादेशिक पक्षांची युती) हा संयुक्त गट सलग चालू आहे. ब्रेक्झिटपर्यंत स्कॉटलंडचा स्कॉटिश नॅशनल पार्टी (एसएनपी) आणि वेल्सचा प्लाइड कमरी हे पक्षही त्यातच होते.

मात्र सगळेच प्रादेशिक पक्ष इथे नाहीत. डावीकडे झुकणारे बहुतेक राहतात. बेल्जियममधल्या फ्लँडर्सचा उजवा पक्ष एन-व्हीए 2014 मध्ये बाहेर पडून 'कन्झर्व्हेटिव्ह्ज अँड रिफॉर्मिस्ट्स' गटात गेला, तर स्पेनमधली बास्क नॅशनलिस्ट पार्टी उदारमतवाद्यांच्या 'रिन्यू' गटात बसते.