ऑइल फिल्टर घेताना

मित्रा, स्वस्त फिल्टर चालतो, पण बनावट नको. नाशिकमध्ये द्वारकेला किंवा सातपूरला दुकानात जाशील तेव्हा मॅन्युअलमधला पार्ट नंबर सोबत ने. नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही, पेट्रोल-डिझेलचे फिल्टर वेगळे असतात. बॉश, प्युरोलेटर यांचे फिल्टर बहुधा गाडीच्या कंपनीच्या फिल्टरपेक्षा कमी किमतीत मिळतात. बिल मात्र घेच.

तोंडाशी लहान भोकांतून डोकावून बघ. आत रबराची पडदी दिसते, तीच गाडी बंद असताना ऑइल खाली उतरू देत नाही. ती कडक वाटली तर परत कर. नाशिकच्या थंडीत सकाळी स्टार्ट करताना क्षणभर खडखड झाली, तर आधी या पडदीवर संशय घे.

बसवताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहा. नव्या रिंगला ऑइल लाव, हातानेच आवळ.