पाचारण : पाच आचरणं नव्हेत

कॅम्पातल्या एका बायबल अभ्यासगटात जाणाऱ्या तरुणाची विचारणा आहे. गटाच्या फलकावर ‘वचनाप्रमाणे चाला, जीवनाचं उद्देश्य शोधा’ असं लिहिलंय. यात ‘उद्देश’ हवं की ‘उद्देश्य’? आणि पवित्र शास्त्रात वारंवार येणारं ‘पाचारण’ म्हणजे हाच उद्देश का?

उद्देश. ‘उद्देश्य’ या अर्थाने हिंदीतून शिरलंय. मराठीत ते व्याकरणात असतं, विधेयाच्या जोडीला, आणि तिथेच त्याला राहू द्यावं. उद्देशातला ‘दिश्’ म्हणजे दाखवणं. दिशा, आदेश, उपदेश, संदेश सगळे त्याचेच. हे कुठल्याही कोशात मिळेल, म्हणून पुढे जातो.

खरा मुद्दा पाचारणाचा आहे, आणि त्यावर लिहायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं. काही महिन्यांपूर्वी पुण्यातच एका प्रवचनात ऐकलं की पाचारण म्हणजे ‘पाच आचरणं’: प्रार्थना, वाचन, उपास, दान आणि संगती. समोरच्या बाकावरच्या मुलीने ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. मला राहवेना. पाच आणि आचरण जोडले तर ‘पाचाचरण’ होईल. मधला एक ‘च’ गेला कुठे? शिवाय ‘पाचारणे’ हे सरळ क्रियापद आहे. राजाने प्रधानाला पाचारलं, हे आपण गोष्टींत वाचत आलो. त्या क्रियापदाचं नाम पाचारण. तिथे पाचाचा आकडा कुठेच नाही.

मग हे पाचारणे आलं कुठून? बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं. त्यात कोणत्या संस्कृत धातूच्या जागी प्राकृतात काय येतं याच्या याद्या आहेत. ‘उपालंभ्’ या धातूसाठी त्याने तीन रूपं दिली आहेत: झंख, पच्चार, वेलव. यातलं ‘पच्चार’ म्हणजे आपलं पाचार. नृत्याचं नच्च आणि मग नाच, सत्याचं सच्च आणि मग साच, तसंच पच्चारचं पाचार. जोडाक्षर सुटलं की मागचा स्वर लांबतो, हा मराठीचा रोजचा नियम आहे.

आता अर्थ बघा. उपालंभ म्हणजे ठपका, तक्रार, आपल्या माणसाला आपलेपणाने दिलेला दोष. बहुतेक कोश ‘बोलावणे’ एवढं लिहून थांबतात, आणि कुणी या शब्दाला ‘प्रत्युच्चारा’शी नेऊन बांधतात. मला ते अजिबात पटत नाही. प्रत्युच्चारात ठपका नाही, आणि हेमचंद्राने तो स्वच्छ नोंदवलाय. हातातला पुरावा टाकून संस्कृताचं दार का ठोठवायचं?

ठपक्यातून हाक कशी निघते, हे मला कोशाबाहेर कळलं. नाना पेठेतल्या आमच्या वाड्यात आजी दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून ओरडायची, “अरे कुठं उंडारतोयस? दळण कधी आणायला सांगितलं होतं?” एका हाकेत तीन गोष्टी असायच्या. मी कुठे नाही, मी कुठे असायला हवं, आणि माझ्यावाचून अडलेलं काम कोणतं. तिने ‘ये’ असं म्हटल्याचं आठवत नाही. म्हणायची गरजच नव्हती.

या अर्थाने बायबल उघडून बघा. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात झाडीत लपलेल्या आदामाला देव हाक मारतो: तू कोठे आहेस? गुहेत जाऊन बसलेल्या एलीया संदेष्ट्याला विचारतो: तू येथे काय करतोस? दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, वाटेवर शौलाला आधी दोनदा नावाने हाक, आणि लगेच: माझा छळ का करतोस? योनाचं पुस्तक तर संपतंच देवाच्या प्रश्नावर. एका वेलीसाठी तू हळहळतोस, मग एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांच्या आणि पुष्कळ गुरांच्या निनवे शहराची मी कीव करू नये काय? हे सगळे उपालंभ आहेत, आणि हीच पाचारणं आहेत.

यावर कुणी शमुवेलाचं उदाहरण देईल. देवळात झोपलेल्या त्या पोराला नुसतीच हाक आली. तो तीनदा उठून म्हाताऱ्या याजक एलीकडे धावला. कबूल, त्याच्यावर ठपका नाही. पण देवाने त्याला सांगितलं काय? एलीच्या घराण्याचा दोष. ठपका तिथेही होता, फक्त पोचवायचा दुसऱ्याकडे होता.

नव्या कराराच्या मूळ ग्रीकात पाचारणाच्या जागी ‘क्लेसिस’ आहे, ‘कालेओ’ म्हणजे हाक मारणे यावरून. त्यात हा ठपका नाही, हे मान्य करायला हवं. मराठी भाषांतरकारांनी ठपक्याचा विचार केला असेल असंही मी म्हणत नाही. पण शब्द आपलं माहेर बरोबर घेऊन येतो. बायबल जर्मनमध्ये आणताना लूथरने याच जागी ‘बेरूफ’ वापरला, तोही हाक मारण्याच्या क्रियापदावरून, आणि आज त्याचा अर्थ पेशा असा होतो. आपल्याकडे वर्तमानपत्रांनी पाचारण अग्निशमन दलासाठी राखून ठेवलंय. आग लागली की ‘पाचारण करण्यात आले’, एरवी नाही.

शब्द जड वाटतो, ‘बोलावणं’ का नको, असंही विचारतात. हा प्रश्न हलका नाही. पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते साध्या बायकांना कळावं म्हणूनच. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांच्या ‘मुक्ती’ या तिथल्या आश्रमातल्या बायकांनीच ते छापलं. सोपेपणाचा तो आग्रह मला मोलाचा वाटतो. पण बोलावणं लग्नाचंही येतं, आणि नाही गेलं तरी चालतं.

फलकावरच्या ‘चाला’ला मात्र हात लावू नका. ‘जगा’ करू म्हणणारे भेटतात. इफिसकरांच्या पत्रात, झालेल्या पाचारणाला शोभेल असं ‘चाला’च आहे, ग्रीकातही चालणंच आहे, आणि मराठीला त्यात काही परकं नाही: चालचलन, चालीरीत. वागणे हेसुद्धा मुळात हालचालीचंच क्रियापद. म्हणून तर आपण ओझं ‘वागवतो’.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. उद्देश आपला आपण ठरवता येतो. पाचारणाला हाक मारणारा लागतो, म्हणून ‘पाचारण शोधा’ असं लिहू नका. पाचारण ऐकायचं असतं. आणि ‘माझं पाचारण आहे’पेक्षा ‘मला पाचारण झालं’ हे मराठी.