किल्ल्याच्या पायथ्याची सकाळ

प्रश्न : आमच्या शाळेची आठवीची सहल दिवाळीनंतर राजस्थानात जाणार आहे. जोधपूरला मेहरानगड किल्ला पाहून एक सकाळ उरते. तिथलं राव जोधा वाळवंटी उद्यान दाखवावं असं मला वाटतं; पण सहकारी म्हणतात, खडक आणि काटेरी झुडपं पाहून मुलं कंटाळतील. शिवाय वाटाड्याचा वेगळा खर्च. पाटीवरची नावं वाचत आम्हीच फिरलो तर चालणार नाही का?
– एक भूगोल शिक्षक, बार्शी

उत्तर : सर, उद्यान जरूर दाखवा, आणि वाटाड्याशिवाय मुळीच जाऊ नका. हे मी अनुभवाने सांगते. पहिल्या खेपेला मीही तीस मुलं घेऊन एकटीच निघाले होते. जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, मला कशाला हवा वाटाड्या, असं वाटलं होतं. अर्ध्या तासात मुलं पाणी मागू लागली आणि पाट्या वाचणारी मी एकटीच उरले. दुसऱ्या वर्षी उद्यानाचा माणूस सोबत घेतला, तर तीच वाट संपवायला अडीच तास लागले. एकाही मुलाने घड्याळ पाहिलं नाही.

त्याने सुरुवात झाडांपासून केलीच नाही. एका खळग्याशी सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, हा खड्डा कोणी केला असेल? मग गोष्ट सांगितली. किल्ल्याभोवतीची ही सुमारे ७० हेक्टर जमीन वेड्या बाभळीने गिळली होती. तिला तिकडे बावळिया म्हणतात. झाड मूळचं अमेरिका खंडातलं, पण इथे असं माजलं की स्थानिक झाडांना जागा उरली नाही. २००६ साली मेहरानगड संग्रहालय न्यासाने निसर्ग-अभ्यासक प्रदीप कृष्ण यांच्यावर ही जमीन पूर्ववत करण्याचं काम सोपवलं. बावळिया वरून तोडला की बुंध्याखालून पुन्हा फुटतो. मूळ खडकाच्या भेगेत हातभर खोल गेलेलं, तिथे कुदळ चालत नाही. शेवटी कामी आले खंडवालिया, म्हणजे जोधपूरच्या दगडखाणीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेले लोक. ते हातोडीने खडक ठोकून बघत, आवाजावरून तो कुठे फुटेल ते ओळखत आणि छिन्नीने मूळ मोकळं करत. जे खड्डे उरले, त्यांतच माती भरून मारवाडातली झाडं लावली. २०११ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं.

गोष्ट संपल्यावर त्याने एका मुलाला दगडावर दगड ठोकायला लावला आणि सगळे कान देऊन उभे राहिले. पाटीवर हे कसं मिळणार, सर?

तुमचा विषय भूगोल, म्हणून एक खास सांगते. वाळवंट म्हटलं की मुलांना वाळूच आठवते. इथे वाळू जवळजवळ नाहीच. पायाखाली रायोलाइट आहे, सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षांपूर्वीचा ज्वालामुखीचा खडक. आपला दख्खनचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. बार्शीहून निघतानाच मुलांच्या खिशात एकेक काळा खडा द्या आणि तिथे तो खडकाशेजारी धरून रंग, पोत पाहायला सांगा. तिथला दगड मात्र उचलून आणू देऊ नका.

दिवाळीनंतर रोहिड्याची फुलं मिळणार नाहीत, ती वसंतात. पण कैर भेटेल. हिरव्या काड्यांचा नुसता गुंता, पान शोधून सापडत नाही. मग अन्न तयार कोण करतं? उत्तर तुम्ही देऊ नका. आमच्यातल्या एका अबोल मुलीने काडी नखाने हळूच खरवडली आणि म्हणाली, “ही काडीच पान झालीय.” बुई या झुडपाचे कापसासारखे तुरेही दाखवायला सांगा, लोक ते उशीत भरत. कुमट या झाडाच्या बिया आणि कैराची फळं पंचकुटा या मारवाडी भाजीत पडतात. रात्री जेवणात ती भाजी मिळाली तर फार बरं, ताटातलं झाड सकाळी पाहिलेलं असतं.

थोराची जाळी जागोजागी आहे. चीक डोळ्यात गेला तर हाल होतात, हे आधीच बजावून ठेवा. बूट बंद हवेत, पाणी प्रत्येकाचं वेगळं, आणि ऊन चढायच्या आत निघा. पन्नास मुलं एका माणसामागे लावू नका, मागच्यांना काहीच ऐकू येत नाही. दोन गट करा. मुलं किती, कोणत्या वर्गातली, हे उद्यानाला आधी कळवा. वाटाडे हिंदीत बोलतात, आपल्या मुलांना अडचण येत नाही.

खर्चाचं म्हणाल तर एका जेवणातलं गोड कमी करा, पण हा खर्च वाचवू नका.

परत आल्यावर एक काम राहील. तुमच्या भागातही वेडी बाभूळ रस्तोरस्ती आहे. जमीनमालकाला विचारून एक रोप मुलांना मुळासकट उपटायला द्या, कुदळ-पहार घेऊन, मोठ्यांच्या देखरेखीखाली. रोप गुडघ्याएवढंच निवडा. त्याहून मोठं एका तासिकेत निघणार नाही.