विंडोज 95 पासून 11 पर्यंत नक्की काय सुधारलं? आणि 10 बंद झाल्यावर माझ्या 2015 च्या कॉम्प्युटरवर आता काय टाकू?

2015 चं मशीन असेल तर 11 चा नाद सोडा. त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तुमचा त्या यादीत बसत नाही. झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं लांबणार, कारण 'नक्की काय सुधारलं' यावरून आमच्या घरात 2014 पासून दोन भावांचं वाजलेलं आहे.

माझं देवगडला डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सभेच्या नोटिसा, आणि मार्च ते मे आंब्याच्या पेट्यांची लेबलं. पहिला कॉम्प्युटर 1997 ला कोल्हापूरहून आणला. एसटीच्या टपावर टाकायचा धीर होईना, म्हणून मॉनिटर मांडीवर घेऊन फोंडा घाट उतरलो. त्यात विंडोज 95 होतं. त्याआधी क्लासमध्ये डॉसवर शिकलेलो, म्हणजे काळा पडदा आणि पाठ केलेल्या कमांडी. त्यामुळे स्टार्ट बटणाचं कौतुक मला वाटलं तेवढं आजच्या पोरांना वाटणार नाही. 95 ला कमीत कमी 4 एमबी रॅम लागायची. 11 ला 4 जीबी लागते. हजार पट! पत्रिका मात्र तेवढीच असते.

खरी सुधारणा बघायची तर आमच्याकडचा पावसाळा बघा. जून लागला की दिवसातून पाच वेळा लाईट जायची. 98 वर दर वेळी मशीन सुरू करताना स्कॅनडिस्क, म्हणजे डिस्कची तपासणी, चालू, आणि गिऱ्हाईक समोर बसून घड्याळ बघतंय. 95, 98 आणि मिलेनियम हे डॉसच्या खांद्यावर बसलेलं घराणं. दुसरं घराणं एनटीचं, 1993 पासूनचं, ऑफिसांसाठी. 2001 ला एक्सपी आलं तेव्हा घरगुती मशीनवरही एनटीचा पाया आला, आणि त्याच्यासोबत एनटीएफएस. ही फाईल सिस्टीम आपण काय बदल करतोय त्याची आधी नोंद ठेवते, म्हणून लाईट गेली तरी डिस्क बऱ्यापैकी शाबूत राहते. माझ्या लेखी या सगळ्या वर्षांतली सगळ्यात मोठी सुधारणा ती. लोक एक्सपीच्या पडद्यावरच्या हिरव्या टेकडीची आठवण काढतात, मी स्कॅनडिस्क न दिसल्याची काढतो. त्याच्यानंतरच्या व्हिस्टाला मी दुकानाची पायरी चढू दिली नाही.

आता 2014. तारीख 8 एप्रिल. त्या दिवशी एक्सपीचा सपोर्ट संपत होता आणि त्याच दिवशी रामनवमी. दादा मुंबईहून आलेला. तो आयटीतला. मी रामजन्माला देवळात गेलो, दुकानाची चावी नेहमीसारखी घरात खुंटीवर. सुंठवडा घेऊन परत येतो तर दुकान उघडं, माझ्या खुर्चीत दादा आणि स्क्रीनवर रंगीत चौकोन.

"एक्सपी आज मेलं. तुला 8.1 टाकून दिलंय, 64 बिट."

"आणि सी ड्राईव्ह?"

"फॉरमॅट मारला. तुझा डेटा डीवर आहे ना? त्याला हात लावला नाही."

डेटा होता, खरं आहे. आंब्याच्या लेबलाची फाईल उघडली तर 'देवगड हापूस'च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी. मुंबईच्या आयटीवाल्यांना हे माहीत नसतं. आमचं मराठी टायपिंग तेव्हा युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नव्हतंच. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ती इंग्रजी अक्षरंच. फक्त फॉन्टमध्ये त्या जागी 'क'चा, काना-मात्रेचा आकार काढलेला. फॉन्ट गेला की मराठी गेली. आणि ते फॉन्टचं पॅकेज सीवर होतं.

पॅकेजची सीडी होती माझ्याकडे. घातली. इन्स्टॉलर 16 बिटचा, म्हणजे फार जुन्या पद्धतीचा, आणि 64 बिट विंडोज 16 बिटचा प्रोग्रॅम चालवतच नाही. वर पॅकेजला डोंगल, म्हणजे प्रिंटर पोर्टच्या मागे लावायचं कुलूप. त्याच्या ड्रायव्हरला डिजिटल सही नाही, म्हणून 64 बिट तोही घेईना. दादानं 32 बिटचं टाकलं असतं तर निदान इन्स्टॉलर सुरू तरी झाला असता. हे मी त्याला तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो.

संध्याकाळी बागायतदार दारात. दुसऱ्या दिवशी वाशीला माल जायचा, चारशे लेबलं हवी. मी कारण सांगायला लागलो तर म्हणतो, "तुझ्या कॉम्प्युटराक काय झाला ता माका सांगू नको. माका सकाळी गाडी भरूची हा."

माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेलं जुनं 98 चं मशीन होतं, 128 एमबी रॅमचं. खाऱ्या हवेनं रॅमचे पाय हिरवे पडलेले. खोडरबरनं घासले, तिसऱ्या खेपेला पडदा उजळला. पॅकेज त्यात होतंच, डोंगल लावलं, चाललं! पण फाईल न्यायची कशी? पेनड्राईव्ह 98 ओळखत नाही, त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. नव्या मशीनला फ्लॉपी नाही. शेवटी दादानंच एक सीडी राईट केली. प्रिंटरला नशिबानं मागे जुना पोर्ट होता. एका ए-फोर स्टिकरवर आठ अशी पन्नास पानं रात्री साडेअकराला निघाली. दादा कात्री घेऊन बसला होता, एक शब्द बोलला नाही. ट्रॉलीत माल भरायला लागल्यावर मात्र म्हणाला, "तू युनिकोडवर गेला असतास तर हे झालंच नसतं."

यावरून भांडण. माझं म्हणणं, ऑपरेटिंग सिस्टीम चांगली की वाईट हे तिच्यात काल केलेलं काम उघडतं की नाही यावर ठरतं. विंडोज 8 नं तर स्टार्ट बटणच काढून टाकलं, 8.1 ला परत आणलं तरी ते दाबल्यावर पुन्हा तेच चौकोन. माणसाच्या हाताची सतरा वर्षांची सवय मोडणं ही कसली सुधारणा? त्याचं म्हणणं, जुनं धरून बसणाऱ्यांची कामं एक ना एक दिवस अडकतातच.

खरं सांगायचं तर युनिकोडबद्दल त्याचं बरोबर होतं. विंडोज 2000 पासून देवनागरी आली, मंगल फॉन्टसकट. एक्सपीत ती वेगळी चालू करायला लागायची, सीडी मागायची, म्हणून आम्ही कोणी केली नाही. व्हिस्टापासून आपोआप असते. आज गिऱ्हाईक पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतं, तो युनिकोडच असतो. मी कन्व्हर्टरनं तो जुन्या फॉन्टमध्ये न्यायचो. त्या नादात एका पर्यटनाच्या पत्रकात 'डोंगरदऱ्या'चं 'डोंगरदर्या' छापून गेलं. दर्या आमच्याकडे आहेच म्हणा, पण डोंगरावर नाही. त्यानंतर इनस्क्रिप्ट हा युनिकोडचा कीबोर्ड शिकलो, वयाच्या पंचेचाळिशीत. पण मंगलमधला 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचा आहे, तो फॉन्ट मी पत्रिकेत वापरत नाही. यावर दादाचं काही म्हणणं ऐकणार नाही.

तुमचं राहिलंच. 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या अपडेट ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळायची सोय आहे, तेवढ्यात नोंदणी करून घ्या आणि सावकाश ठरवा. हार्ड डिस्क अजून फिरणारी असेल तर एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाका, मशीनमध्ये जीव येईल. नुसतं नेट आणि पत्र टाईप करायचं असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम पुरते. युक्त्या करून 11 बसवणारे भेटतील, पण पुढे अपडेट येतील याची हमी नसते. आणि 11 फक्त 64 बिटमध्येच आहे, म्हणजे जुनं कुलूपवालं काही असेल तर ते विसरा.

माझं 98 अजून चालतं हे वाचून कोणी एक्सपी काढून बसू नका. माझ्या त्या मशीनला नेटची वायर कधी लागलेली नाही, म्हणून ते चालतं. बँकेचं काम करायच्या मशीनवर असला हट्ट करू नये.

आणि फॉरमॅट मारायला घरातलंच कोणी मुंबईहून येणार असेल तर त्याला आधी जेवायला बसवा. तो सोलकढी पितोय तोवर सी ड्राईव्ह कॉपी करून घ्या. चावी खुंटीवर ठेवू नका.