निर्जन बेटावर जादूचं एकच पुस्तक न्यायचं असेल तर कोणतं न्याल?

जे. बी. बोबो यांचं नाण्यांच्या जादूवरचं १९५२ सालचं 'मॉडर्न कॉइन मॅजिक'. क्षणाचाही विचार न करता.

पत्त्यांच्या जादूवर प्रेम करणारे १९०२ सालचं अर्डनेसचं पुस्तक उचलतील. ग्रंथ थोरच आहे, पण बेटावरच्या दमट हवेत पत्त्यांचं काय होणार? आमच्या वडोदऱ्यात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा दांडिया बाजारातल्या घरी माझे पत्त्यांचे दोन जोड फुगून पापडासारखे वाकले. पितळेच्या डब्यातली नाणी मात्र पुसली आणि लगेच हातात घेतली.

नाणी संपली तरी बेटावर चपटे शिंपले आहेतच. बोबोंच्या पुस्तकाचा पाया म्हणजे नाणं तळहातात लपवणं. अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा आणि त्याच्या समोरचा उंचवटा, या दोहोंमध्ये नाण्याच्या कडा अडकतात आणि बोटं मोकळी राहतात. ती खरोखर मोकळी, सहज दिसायला मला दीड वर्ष लागलं. सुरसागरच्या काठी फिरताना खिशातला हात सतत हेच करत असायचा. अजूनही करतो.

हवेतून एकेक नाणं काढून भांड्यात खणकन टाकण्याचा जुना खेळही त्यात आहे. बेटावर भांड्याऐवजी नारळाची करवंटी चालेल. आवाज जरा बसका येईल, एवढंच.

तुम्ही नवशिके असाल तर पहिली प्रकरणं सावकाश वाचा, आणि प्रत्येक पकड दोन्ही हातांनी शिका. डावा हात मी उशिरा धरला, त्याचं मला फार वाईट वाटतं.