वाचक विचारतात : बोट, अंदाज आणि बक्षिसाचा कर

प्रश्न : 'कौन बनेगा करोडपती'साठी नोंदणी केली आहे. वाचन भरपूर आहे, पण घरी घड्याळ लावून 'फास्टेस्ट फिंगर'चा (चार पर्याय झटपट योग्य क्रमाने लावायच्या फेरीचा) सराव करताना क्रम लावण्यात हमखास गडबड होते. काय चुकतंय? (महाल, नागपूर)

उत्तर : वाचन कमी नाही, तुम्ही चारही पर्याय एकमेकांशी ताडत बसता. चार गोष्टींचे 24 क्रम होतात. आधी दोन्ही टोकं पकडा, मग मधल्या दोघांचाच निवाडा उरतो. महाराष्ट्राची स्थापना, नागपूर करार, सीताबर्डीची लढाई, दीक्षाभूमीवरचा धम्मदीक्षा सोहळा. यात 1817 ची लढाई डोळे मिटून पहिली, 1960 शेवटी. डोकं चालवायचं ते करार (1953) की दीक्षा (1956) एवढ्यापुरतंच.

दुसरी चूक दिशेची. 'मुंबईहून नागपूरला येताना ही स्टेशनं कोणत्या क्रमाने लागतात?' असं विचारलं की आपला माणूस वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ असं धडाधड दाबून मोकळा! आपण गाडीत बसतो ते इथून ना. उत्तर नेमकं उलटं आहे, आणि एक जागा जरी चुकली तरी अख्खं उत्तर बाद. म्हणून 'हून', 'चढत्या', 'आधी' असला शब्द मनात एकदा म्हटल्याशिवाय बोट हलवू नका.

सराव तोंडी नको. पुठ्ठ्यावर ए, बी, सी, डी असे चार चौकोन आखा आणि बोटानेच उत्तर द्या. तोंडाला 'भुसावळ' लगेच येतं, बोटाला मात्र 'सी' शोधावा लागतो. वेळ खरा तिथे जातो. रोजचे दहा संच घरातल्या दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या. स्वतः काढलेल्या प्रश्नांचा क्रम आधीच पाठ असतो.

प्रश्न : दोन पर्याय उरले तर ठोकून द्यावं का? (धरमपेठ)

उत्तर : समजा, हातात 1,60,000 आहेत, पुढचा प्रश्न 3,20,000 चा आहे आणि चुकलात तर 10,000 वर घसरण. बरोबर येण्याची शक्यता साधारण 48 टक्क्यांच्या वर असेल तरच खेळणं परवडतं. निव्वळ छापा-काटा म्हणजे 50 टक्के, फायदा नावापुरता. घराचं कर्ज डोक्यावर असेल तर खुशाल उठा. चारांतून आंधळा अंदाज मात्र सरळ तोट्याचा.

प्रश्न : 3,20,000 जिंकले तर हातात किती येतात? (सदर)

उत्तर : 30 टक्के म्हणजे 96,000 आधीच कापले जातात, हातात 2,24,000. विवरणपत्र भरताना या करावर 4 टक्के उपकर, म्हणजे आणखी 3,840. या रकमेतून प्रवास, पुस्तकं असा कुठलाही खर्च वजा करता येत नाही. 80सी ची (विमा, पीएफ अशा बचतीवरची) सूटही नाही. कापलेला कर 26एएस मध्ये (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या सरकारी नोंदीत) दिसतो का, तेवढं तपासा. आणि 'बक्षीस लागलंय, आधी कर भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. रोख बक्षिसाचा खरा कर बक्षिसातूनच कापतात, तुमच्या खिशातून आगाऊ कुणी मागत नाही.